टूरच्या शेवटच्या तीन दिवसांत थकव्याचं काय करायचं

सहल शेवटाकडे आली हे मला बसच्या आवाजावरून कळतं. सुरुवातीच्या दिवसांत माइकवर 'सुप्रभात' म्हटलं की अख्खी बस ओरडून उत्तर देते. आल्प्स ओलांडून इटलीत उतरेपर्यंत पुढच्या दोन रांगा तेवढ्या पुटपुटतात. खिडकीबाहेर सुंदर डोंगर सरकत असतात आणि कोणी मान वर करून बघत नाही. मग मागून कुणीतरी विचारतं, "आज परत चर्च आहे का?"

मी टूर मॅनेजर आहे. लोकांना युरोप दाखवते, बसमधून, ठरलेल्या वेळेत. शेवटच्या टप्प्यातला थकवा वयाचा किंवा फिटनेसचा प्रश्न असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. रोज व्यायाम करणारी तरुण मंडळीही रोमच्या आधी ढेपाळताना मी बघते. हा थकवा रोज थोडा थोडा साठत आलेला असतो आणि एका रात्रीच्या झोपेने तो जात नाही. म्हणून माझा मुख्य सल्ला असा: शेवटच्या तीन दिवसांच्या कार्यक्रमातून काहीतरी स्वतःहून गाळा, आणि काय गाळायचं ते थकायच्या आधी ठरवा. बाकीच्या युक्त्या त्याला हातभार लावण्यापुरत्या.

आधी झोप

लोक पायांना दोष देतात, पण मुळात झोप कमी पडलेली असते. नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण दाखवलं. अनोळखी खोलीत पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो पहाऱ्यावर बसल्यासारखा बारीकसारीक आवाजांची दखल घेत राहतो. तीच माणसं पुन्हा तिथे झोपायला आली, तेव्हा हा फरक दिसला नाही.

आता तुमच्या टूरचा कार्यक्रम काढून बघा. ब्रसेल्सला एक रात्र, ऱ्हाइनच्या काठी एक, इन्सब्रुकला एक. खोली बदलली की पहारा पुन्हा सुरू. त्यामुळे ज्या गावात दोन रात्रींचा मुक्काम आहे, तिथली दुसरी रात्र ही सगळ्या टूरमधली सगळ्यात मोलाची झोप. नेमकं त्याच रात्री कोणीतरी रोषणाई बघायला चला म्हणतं. निवड तुमच्या हातात असेल तर रात्रीचं फिरणं पहिल्या रात्री उरका. त्या रात्री झोप तशीही अर्धवटच होणार असते. दुसऱ्या रात्री मात्र नऊ वाजता दिवा बंद.

जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सहाचा वेक-अप कॉल आहे आणि रात्री दहाला बाहेर उजेड, अशा वेळी शरीराने रात्र झाली असं मानायचं तरी कशावरून? डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे बॅगेत तळाशी टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. उशीची खोळ घरची न्या. वजन काहीच नसतं, पण ओळखीचा स्पर्श आणि वास सोबत राहतो. रोज रात्री त्याच क्रमाने तीच चार कामं करा: फोन चार्जिंगला, उद्याचे कपडे खुर्चीवर, पाण्याची बाटली उशाशी, चष्मा त्याच बाजूला. खोली बदलली तरी क्रम बदलू देऊ नका. खोली घेताना रिसेप्शनवर लिफ्टपासून लांबची मागायला लाजू नका. ग्रुपच्या खोल्यांची यादी आधी ठरलेली असली तरी आमच्याकडे अदलाबदलीला थोडी जागा असते. मात्र हॉटेलात शिरायच्या आधी, बसमध्येच सांगा. चाव्या वाटून झाल्यावर माझ्याही हातात फारसं उरत नाही.

बसमधले तास

बसमध्ये एकाच माणसाची विश्रांती कायद्याने ठरलेली असते, ती म्हणजे ड्रायव्हरची. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला एकूण ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं चालवणं साधारणपणे ९ तासांवर जाऊ शकत नाही. प्रवाशांसाठी असा कायदा नाही, म्हणून ड्रायव्हर थांबतो तेव्हा तुम्हीही थांबा. गंमत अशी की बस थांबताच निम्मे लोक दुकानात शिरतात आणि उरलेले स्वच्छतागृहाच्या रांगेत लागतात. रांग आधी उरका, मग दहा मिनिटं बसभोवती नुसत्या फेऱ्या मारा. दुकानातली चॉकलेटं पुढच्या थांब्यावरही तीच असतात.

पाण्याबद्दल थोडं खडसावूनच सांगते. बसमधलं स्वच्छतागृह बहुधा बंद ठेवलेलं असतं, म्हणून लोक पाणी पिणं कमी करतात. संध्याकाळी डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, आणि त्याचं खापर हॉटेलच्या जेवणावर फुटतं. थांबा यायच्या अर्धा तास आधी आणि थांब्यावर पोहोचल्यावर भरपूर प्या, बस सुटल्यावर घोट घोट. रोममध्ये 'नासोनी' नावाचे ओतीव लोखंडाचे पिण्याच्या पाण्याचे खांब रस्तोरस्ती आहेत, सगळे मिळून सुमारे २,५००. त्यांच्या वाकड्या नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून पाण्याची कमान उडते आणि वाकून तोंड लावावं लागत नाही. ही युक्ती कळल्यावर सत्तरीतले लोकही त्या खांबाशी लहान मुलांसारखे खेळतात. तेवढाच थकवाही जातो.

दुपारची डुलकी जरूर घ्या, पण वीस मिनिटांची, आणि तीनच्या आत. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर अर्धा तास तारेत असल्यासारखं वाटतं आणि रात्रीची झोपही बिघडते. कॉफी प्यायची तर डुलकीच्या आधी प्या. तिचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर तुमची झोप झालेली असते. संध्याकाळी पाचनंतरची कॉफी शेवटच्या दिवसांत बंदच करा. निम्मं कॅफिन शरीरातून उतरायला पाच-सहा तास जातात.

पाय

उत्तरेकडून सुरू होऊन रोमला संपणाऱ्या टूरमध्ये सगळ्यात जास्त चालणं शेवटी येतं. यात कुणाचा दुष्टावा नाही, नकाशाच तसा आहे. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी मोठ्या बसना सहसा जाऊ देत नाहीत. व्हेनिसला बस त्रोंकेत्तोच्या तळावर उभी राहते आणि पुढे बोट. फ्लोरेन्समध्ये उतरल्यावर बराच रस्ता चालायचा. रोममध्ये पायाखाली सांपिएत्रीनी, म्हणजे काळ्या दगडाचे ठोकळे, त्यांच्यामधल्या फटी आणि वर उन्हाळा.

दोन जोड बूट न्या, दोन्ही वापरून मऊ झालेले, आणि दिवसाआड बदला. बूट बदलला की घासण्याची आणि दाबाची जागा बदलते. दुपारच्या जेवणानंतर मोजे बदलणं हा माझा आवडता सल्ला. पहिल्या दिवशी लोक हसतात आणि शेवटी शेवटी तेच पिशवीतून मोजे काढताना दिसतात. ओलसर त्वचा घासली की फोड येतो. एखादी जागा गरम लागायला लागली की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. "हॉटेलवर गेल्यावर बघू" म्हणाल तर संध्याकाळपर्यंत फोड आलेला असेल. रात्री भिंतीला टेकवून पाय वर करून पंधरा मिनिटं पडा. आणि टूरवर नवीन बूट विकत घेतलेत तर त्यांना बॅगेत झोपू द्या.

खरा तुटवडा मात्र बसायच्या जागेचा असतो. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे आणि पोलीस शिट्टी वाजवून उठवतात. व्हेनिसच्या सान मार्को चौकात जमिनीवर फतकल मारली तरी दंड होऊ शकतो. मग बसायचं कुठे? चर्चमध्ये. ज्याला तुम्ही कंटाळला आहात, तीच शहरातली सगळ्यात थंड आणि शांत बसायची जागा आहे, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्यात, मागच्या बाकावर बसा, छताकडे बघा किंवा बघू नका. पॅरिसला असाल तर लूव्रच्या शेजारच्या त्विलेरी बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. काही कलत्या पाठीच्या आहेत. त्या पकडा.

बघून बघून आलेला थकवा

संग्रहालयातल्या थकव्याला शास्त्रीय नाव आहे, 'म्युझियम फटीग', आणि वयही आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला. काचपेट्यांतल्या वस्तू नीट बघण्यासाठी माणसाला किती वाकावं, मुरडावं आणि उकिडवं बसावं लागतं, हे त्यांनी फोटो काढून दाखवलं. म्हणजे तिथे तुमची पाठ दुखते यात तुमचा दोष नाही.

लूव्रमध्ये सुमारे ३५,००० कलावस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे दहा सेकंद थांबलात तरी चार दिवस आणि चार रात्री लागतील. सगळं बघणं शक्यच नाही हे एकदा मान्य केलं की तीन वस्तू निवडणं सोपं जातं. तीनच. आदल्या रात्री ठरवा, त्या मनापासून बघा, बाकीच्यांसमोरून चालत जा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

व्हॅटिकनच्या संग्रहालयात हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे वाट एका दिशेने वाहते आणि गर्दी मागून ढकलते. एकट्या नकाशांच्या दालनाची लांबी १२० मीटर आहे. शेवटी येतं सिस्टिन चॅपेल. आत बोलायला आणि फोटो काढायला मनाई असल्यामुळे गाइड आधी बाहेरच्या अंगणात सगळं समजावून सांगतात. तेव्हा उभं राहून ऐकू नका, कठडा मिळाला तर टेका. आत गेल्यावर मध्यभागी मान मोडून उभं राहण्याऐवजी भिंतीलगतच्या बाकांवर जागा व्हायची वाट बघा. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं आणि त्यापायी शरीराचं काय झालं याची तक्रार त्यानेही करून ठेवली आहे. तुम्ही दहा मिनिटं बसून बघितलंत तर तो रागावणार नाही.

गाइडच्या हेडसेटचंही सांगते. तासन् तास कानात कुणाचा तरी आवाज चालू असणं हे स्वतंत्र ओझं आहे. मुख्य गोष्ट ऐकून झाली की एक कान मोकळा करा. ग्रुपचा झेंडा नजरेआड होऊ दिला नाहीत म्हणजे पुरे.

गाळायचं कसं

इथे बहुतेकांचं अडतं. असा संवाद माझा दर टूरला होतो.

"काका, उद्या सकाळी तुम्ही खोलीवर थांबा. दुपारी आम्ही इथूनच पुढे जाणार आहोत, तेव्हा घेऊन जाईन."

"मॅडम, पैसे भरलेत मी."

"पैसे टूर निघायच्या आधीच गेले, काका. उद्या आलात तरी ते परत येणार नाहीत, नाही आलात तरी नाहीत. उद्या खर्च होणार ते फक्त गुडघे."

काका हसतात आणि तरीही येतात. काकू मात्र थांबतात आणि संध्याकाळी त्यांचा चेहरा सगळ्यांत ताजा असतो. वसूल करण्याचा हिशोब दिवसांवर मांडू नका. शेवटच्या दिवशी डोळे उघडे ठेवून एक जागा बघितलीत तर ती पेंगत बघितलेल्या चार जागांपेक्षा जास्त आठवते.

गाळायचं काय, हे टूरच्या मध्यावरच ठरवा, तेव्हा डोकं जाग्यावर असतं. कार्यक्रमाचा कागद घ्या आणि शेवटच्या तीन दिवसांतल्या प्रत्येक ठिकाणापुढे लिहा: ज्यासाठी मी ही टूर घेतली ते, चालेल ते, आणि नसलं तरी बिघडत नाही ते. तिसऱ्या प्रकारातलं निदान एक काढून टाका. नवरा-बायकोने हे वेगवेगळ्या कागदांवर करावं. याद्या जुळल्या नाहीत तर एकाने जावं, एकाने थांबावं. त्यात भांडण नाही, उलट संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असतं.

गाळताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. टूर मॅनेजरला आदल्या रात्री सांगा, कारण प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि सकाळी लॉबीत माणसं मोजताना एक कमी भरला की सगळ्यांची वीस मिनिटं जातात. ज्या दिवशी हॉटेल सोडायचं असतं त्या दिवशी थांबता येत नाही, हे उघड आहे. मग पर्याय म्हणजे सगळ्यांबरोबर जायचं, पण आत न शिरता जवळच्या कॅफेत बसायचं. जागा आणि परत भेटायची वेळ माझ्यासमोर ठरवून घ्या, कॅफेच्या पाटीचा फोटो मला पाठवा. हॉटेलवर थांबलात तर हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा आणि दिवसभर अंथरुणात लोळू नका. सकाळी दोन तास जादा झोप, मग उजेडात अर्धा तास सावकाश फेरी, एखाद्या बाकावर बसून रस्ता बघणं. हे करणाऱ्यांना पुष्कळदा तिथली माणसं, शाळा, कचऱ्याची गाडी असं काहीतरी दिसतं, जे आमच्या बसमधून कधीच दिसत नाही.

माणसांचा कंटाळा

याबद्दल कोणी बोलत नाही, कारण बोलणं वाईट दिसतं. तीच चाळीस माणसं, तेच विनोद, जेवताना तीच टेबलं. शेवटच्या दिवसांत भांडणं होतात ती खिडकीवरून, एसीवरून आणि "तुझ्यामुळे आपण उशिरा पोहोचलो" वरून. दिवसातून एक तास कोणाशी बोलायचं नाही, असं जाहीर करून टाका, जोडीदारालाही सांगा. बसमध्ये हेडफोन लावून बसणं उद्धटपणा नाही. एखाद्या संध्याकाळी ग्रुपच्या टेबलावरून लवकर उठा. आणि जोडप्यांना एक खास विनंती: शेवटच्या दोन दिवसांत एकमेकांचे फोटो तिसऱ्याकडून काढून घ्या. 'डोळे मिटलेस परत' यावरून पेटलेली भांडणं मी फार बघते.

हा थकवा नव्हे

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं याला थकवा समजून झोपायला जाऊ नका. चार तासांहून जास्त सलग बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. धोका एकंदरीत छोटाच, साधारण ६,००० प्रवाशांत एक, पण लक्षणं दिसली तर डॉक्टर लगेच हवा. युरोपात आणीबाणीचा फोन क्रमांक ११२. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखसारख्या ३,४५४ मीटर उंचीवर डोकं दुखलं, गरगरलं तर कोणाला सांगायचं टाळू नका. तिथे हवा विरळ असते, सावकाश चालावं आणि त्रास वाढला तर पुढची गाडी पकडून खाली यावं. अशा वेळी मला मध्यरात्री उठवलंत तरी चालेल. गरम पाणी येत नाही म्हणून उठवू नका.

शेवटच्या दोन रात्री

बॅग शेवटच्या नव्हे, त्याआधीच्या रात्री भरा. दमलेला माणूस विसरतो आणि चोरांना ते माहीत असतं. रोमच्या मेट्रोत आणि त्रेवी कारंज्यापाशी खिसे कापले जातात ते असेच पेंगुळलेल्यांचे. पासपोर्ट तिजोरीत ठेवत असाल तर सोबत उद्या घालायचा एक बूट ठेवा, म्हणजे तो घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडताच येणार नाही. निघताना खोली दोघांनी आळीपाळीने तपासा, पलंगाजवळचा प्लग विशेषतः. माझ्याकडे चार्जरांचा जो साठा झाला आहे तो सगळा तिथलाच.

विमानात हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली, म्हणून पाणी पीत राहा. परतीचा प्रवास पूर्वेकडे असेल तर जेट लॅग जास्त जाणवतो. आपलं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. पोहोचल्यावर पुढचा एक दिवस कोणाला देऊ नका. दोन मिळाले तर उत्तम.

एक शेवटची गोष्ट. विमानतळाच्या वाटेवर बसमध्ये तुम्हाला टूरबद्दलचा अभिप्रायाचा फॉर्म देतील. तो तिथे भरू नका. तेव्हा पाय सुजलेले असतात, झोप झालेली नसते आणि शेवटच्या हॉटेलचा नाश्ता डोक्यात असतो. घरी जाऊन दोन रात्री झोपा आणि मग फोनवरून भरून पाठवा. यात माझा स्वार्थ आहे, ते मला मान्य आहे.